शंभर मीटरच्या पेटीतला ढग: पहिलं सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी

प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की एम.एस्सी.च्या मुलामुलींचे मेल यायला लागतात. मजकूर साधारण एकच: "ताई, ढगांचं हाय रिझोल्यूशन सिम्युलेशन करायचंय. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घेतलाय. कोणतं मॉडेल डाउनलोड करू?" हाताशी असतो एक लॅपटॉप, फार तर डिपार्टमेंटमधलं एखादं सोळा कोअरचं मशीन. पुण्यात ढगांची मॉडेलं चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर द्यायला मला आवडतं. पण दर वेळी तेच ते लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगते. मुंबईचा पाऊस पहिल्यांदा करायचा नाही. पहिला ढग करायचा तो बार्बाडोसजवळच्या समुद्रावरचा: पाऊस न पाडणारा, दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन विरून जाणारा साधा क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या पुंजक्यासारखा ढग. ऐकायला नीरस वाटेल. पण त्याचं उत्तर काय यायला हवं हे जगभरच्या गटांनी आधी काढून ठेवलंय आणि तुमचं काही चुकलं तर ते त्याच संध्याकाळी कळतं. मुंबईच्या बाबतीत मॉडेलने प्रत्यक्षातल्या ९४४ ऐवजी ४०० मिलिमीटर पाऊस दाखवला, तर तो ग्रिडमुळे (म्हणजे मॉडेल हवेच्या ज्या पेट्या पाडतं त्यांच्या आकारामुळे) कमी आला, सुरुवातीच्या नोंदींमुळे, की ढगाच्या भौतिकीमुळे, हे सांगायला कोणी बसलेलं नसतं.

एवढं बारीक कशासाठी?

हवामानबदलासाठी वापरली जाणारी नेहमीची जागतिक मॉडेलं पृथ्वीचे साधारण १०० किलोमीटर बाजूचे तुकडे पाडतात. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे असे सुमारे ५१,००० तुकडे. आता नकाशा काढून बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही लांब नसलेल्या फलटणला पाचशेच्या आसपास. दोन्ही गावं एकाच तुकड्यात बसू शकतात, आणि त्या तुकड्याला मॉडेल पावसाचा एकच आकडा देतं. त्यात ढग प्रत्यक्ष वाढताना दिसतच नाही; तुकड्याचं सरासरी तापमान आणि आर्द्रता बघून 'इतके ढग असावेत' असं सूत्र लावलं जातं. यालाच पॅरामीटरायझेशन म्हणतात. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल, याची आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालातली संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंश आहे. या अनिश्चिततेत सर्वांत मोठा वाटा ढगांचाच आहे.

मग सगळी पृथ्वीच १०० मीटरने का मोजत नाहीत? हिशेब करा: ५,१०० कोटी उभे स्तंभ, प्रत्येकात शंभरेक थर, आणि दर काही सेकंदांनी सगळं पुन्हा सोडवायचं. जपानच्या के कॉम्प्युटरवर २०१३ मध्ये निकॅम मॉडेलने ८७० मीटर ग्रिडवर अख्खी पृथ्वी चालवून दाखवली, तीही मोजक्या तासांसाठी. डायमंड नावाच्या, मॉडेलांची तुलना करणाऱ्या प्रकल्पात अनेक देशांच्या गटांनी ५ किलोमीटर किंवा त्याहून बारीक ग्रिडवर १ ऑगस्ट २०१६ पासूनचे ४० दिवस चालवले. हा मोठ्या यंत्रांचा रस्ता झाला. आपला रस्ता दुसरा: पृथ्वीचा सहा-सात किलोमीटरचा एक तुकडा उचलायचा आणि त्यातच बारीक बघायचं. याला लार्ज एडी सिम्युलेशन (एलईएस) म्हणतात. मोठे भोवरे समीकरणांनी थेट सोडवायचे आणि ग्रिडपेक्षा छोट्या भोवऱ्यांसाठी साधं सूत्र वापरायचं. त्या सूत्रांची सुरुवात हवामानशास्त्रज्ञ स्मॅगोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये करून दिली आणि तुमच्या मॉडेलच्या मेनूत आजही त्यांचं नाव दिसेल.

रिझोल्यूशनच्या आकड्याला भुलू नका

ग्रिड १०० मीटरचं आहे म्हणजे १०० मीटरचा भोवरा दिसतो, असं अजिबात नाही. एखादी हालचाल मॉडेलमध्ये नीट उमटायला साधारण सहा-सात पेट्या लागतात. ३ किलोमीटर ग्रिडवर म्हणजे वीसेक किलोमीटर. त्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. दोन वेधशाळांमधलं अंतरही वीसेक किलोमीटरच. तेव्हा '३ किलोमीटरचं हाय रिझोल्यूशन' लावून हा फरक पकडला, असं कोणी म्हटलं की मी आधी ग्रिड विचारते आणि मग किती रनमध्ये (मॉडेल चालवण्याच्या किती खेपांत) पकडला ते विचारते.

दुसरी अडचण मधल्या पट्ट्याची. १० किलोमीटरच्या वर ढगांसाठी सूत्र लागतंच. १०० मीटरच्या खाली उथळ ढग बऱ्यापैकी आपले आपण तयार होतात. मधल्या, विशेषतः एक किलोमीटरच्या आसपासच्या ग्रिडवर जमिनीलगतचे भोवरे धड दिसत नाहीत आणि धड लपतही नाहीत. वाइनगार्ड यांनी २००४ मध्ये या पट्ट्याला 'टेरा इन्कॉग्निटा' (अज्ञात प्रदेश) म्हटलं होतं. तिथे काम करू नका असं मी म्हणत नाही, पण पहिल्या प्रोजेक्टसाठी ही जागा नव्हे.

आणि खर्च. तिन्ही दिशांनी ग्रिड अर्धं केलं की पेट्या आठपट होतात. वेळेचं पाऊलही अर्धं करावं लागतं, कारण एका पावलात वारा एका पेटीपेक्षा लांब जाऊन चालत नाही. म्हणजे काम सोळापट. १०० मीटरवरून २५ वर जायचं तर २५६ पट. एका तासाची रन दहा दिवसांच्या वर जाते. गाइडकडे 'आणखी बारीक करून बघू' म्हणण्याआधी एवढा गुणाकार करून जा.

आधी प्रश्न, मग कागद

'मुंबईत एवढा पाऊस का पडला' हा सिम्युलेशनचा प्रश्न नाही, संपादकीयाचा आहे. 'ढगाच्या कडेने बाजूची कोरडी हवा किती मिसळते' हा प्रश्न चालेल. 'ढगातल्या थेंबांची संख्या दहापट केली तर जमिनीवर पडणारा पाऊस किती घटतो' हाही चालेल. चांगल्या प्रश्नाची खूण अशी की त्यासाठी दोन रन लागतात, दोन्हींत एकच गोष्ट वेगळी असते आणि उत्तर आकड्यात येतं.

पहिली केस (आकडे आधीच ठरवून दिलेला चाचणीचा प्रसंग) घ्या बोमेक्स. १९६९ मध्ये बार्बाडोसजवळ समुद्रावर या नावाची मोठी मोहीम झाली. तिथल्या नोंदींवरून एक सुटसुटीत केस बांधली गेली आणि सीबेस्मा व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अनेक मॉडेलांवर ती चालवून निकाल शेजारी शेजारी ठेवले. अख्खी मोठी पेटी ६.४ गुणिले ६.४ किलोमीटर, उंची ३ किलोमीटर. आडवं ग्रिड १०० मीटर, उभं ४० मीटर. म्हणजे ६४ गुणिले ६४ गुणिले ७५, जेमतेम तीन लाख छोट्या पेट्या. कालावधी सहा तास. चार कोअरच्या लॅपटॉपवर हे एका दुपारचं काम आहे.

रन सुरू करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी याशिवाय मशीनला हात लावू देत नाही. सुरुवातीच्या तक्त्यात समुद्रालगत पोटेन्शियल तापमान (हवा १००० हेक्टापास्कल दाबावर आणली तर होईल ते) २९८.७ केल्विन आणि बाष्प किलोमागे १७ ग्रॅम आहे. पृष्ठभागाचा दाब १०१५ हेक्टापास्कल. यावरून प्रत्यक्ष तापमान निघतं सुमारे २६.८ अंश सेल्सिअस. १७ ग्रॅम बाष्पाचा दाब होतो साडेसत्तावीस हेक्टापास्कलच्या आसपास, त्यावरून दवबिंदू २२.६ अंश. फरक चार अंशांहून थोडा जास्त. दर अंशाला साधारण १२५ मीटर या हिशेबाने ढगतळ ५०० ते ५५० मीटरवर यायला हवा. मॉडेलने ९०० मीटर दाखवला तर ढगाचा अभ्यास थांबवा आणि इनपुट फाइल उघडा. बहुतेक वेळा ग्रॅम आणि किलोग्रॅमचा घोळ निघतो.

समुद्राकडून काय मिळतंय तेही काढून ठेवा. केसमध्ये उष्णतेचा प्रवाह ०.००८ केल्विन मीटर प्रतिसेकंद असा लिहिलेला असतो. हवेची घनता आणि विशिष्ट उष्मा यांनी गुणलं की तो चौरस मीटरला दहाएक वॅट भरतो. बाष्पाबरोबर जाणारी अप्रकट उष्णता मात्र दीडशे वॅटच्या आसपास. म्हणजे हा ढग तापलेल्या समुद्रावर नाही, बाष्पावर जगतो. मे महिन्यात सोलापूरच्या कोरड्या जमिनीवर हे प्रमाण उलटं होतं, आणि म्हणूनच तिथला दुपारचा ढग इतक्या उंचावर सुरू होतो.

वरून हवा हळूहळू खाली बसत असते: दीड किलोमीटर उंचीवर सेकंदाला ०.६५ सेंटिमीटर. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तासाला २३ मीटर आणि दिवसाला साडेपाचशे मीटर होतात. ही बसणारी हवा तापते आणि ढगांवर झाकण धरून ठेवते. हिचं चिन्ह उणे आहे. एका मुलाने ते अधिक टाकलं होतं. त्याचे ढग तासातासाला फुगत गेले, झाकण वर सरकत गेलं आणि तो खुशीत मला ॲनिमेशन दाखवायला आला. ॲनिमेशन खरंच देखणं होतं.

मॉडेल आणि मशीन

मॉडेलं भरपूर आहेत. सॅम आहे, डच गटांचं डेल्स आहे, हॅनोव्हरचं पाल्म आहे, मायक्रोएचएच आहे, डब्ल्यूआरएफ या हवामान-अंदाजाच्या मॉडेलमध्येही एलईएसची सोय आहे. पहिल्यांदा मी सीएम१ सुचवते. अमेरिकेतल्या एनकार संस्थेच्या जॉर्ज ब्रायन यांनी लिहिलेलं, फुकट, फोरट्रानमधलं, आणि कोड वाचता येईल इतका स्वच्छ. बोमेक्स, रिको, स्ट्रॅटोक्युम्युलस (थरासारखे पसरलेले ढग) अशा केसेसच्या तयार सेटिंग फाइली त्याच्यासोबतच येतात.

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू टाका. जीफोरट्रान हा कंपायलर, अनेक कोअर एकत्र वापरण्यासाठी ओपनएमपीआय आणि आउटपुट फाइलींसाठी नेटसीडीएफची फोरट्रान लायब्ररी लागेल. मेकफाइलमध्ये (मॉडेल कसं बांधायचं याच्या सूचनांची फाइल) वेगवेगळ्या कंपायलरचे गट बंद करून ठेवलेले असतात. तुमच्या कंपायलरचा गट उघडायचा, बाकी हात लावायचा नाही. नवख्यांचा जास्तीत जास्त वेळ इथेच जातो आणि एरर जवळपास नेहमी नेटसीडीएफ सापडत नाही अशीच असते. लायब्ररी ज्या कंपायलरने बांधली त्यानेच मॉडेल बांधायचं, एवढं पाळलं की पुष्कळ कटकट वाचते.

नेमलिस्ट ही एकच फाइल नीट वाचा. पेट्यांची संख्या, त्यांचा आकार, वेळेचं पाऊल, एकूण काळ, आउटपुट किती वेळाने लिहायचं, थेंबांची भौतिकी कोणती, हे सगळं त्यात. बाजूच्या भिंती पिरियॉडिक ठेवा: पश्चिमेकडून बाहेर गेलेला ढग पूर्वेकडून परत आत येतो. या केसमध्ये पूर्वेकडून सेकंदाला पावणेनऊ मीटरचा वारा आहे. तो स्थिर ग्रिडमधून वाहू दिला तर आकडेमोडीच्या चुकांनी ढग पुसट होतात, म्हणून पेटीच वाऱ्याबरोबर सरकवण्याची सोय असते, ती चालू करा. सुरुवातीला खालच्या थरांत ०.१ अंशाचा यादृच्छिक गोंधळ टाकलेला असतो. तो नसेल तर सगळे स्तंभ अगदी सारखे राहतात आणि भोवरे सुरूच होत नाहीत.

आउटपुटचा मोह आवरा. आडव्या सरासऱ्या दर मिनिटाला लिहा, त्या जागा खात नाहीत. पूर्ण त्रिमितीय फाइली अर्ध्या तासाने पुरतात. बोमेक्सला फरक पडत नाही, पण पुढे ५१२ गुणिले ५१२ गुणिले २५६ ची पेटी घेतलीत तर तापमान, बाष्प अशा एकेका राशीला दर वेळी २६८ मेगाबाइट लागतात. दहा राशी, दर पाच मिनिटांनी, चोवीस तास: पाऊण टेराबाइटच्या वर. लॅबची डिस्क भरली की सगळ्यांत आधी तुमचंच नाव घेतलं जातं.

रन संपली. आता?

पहिले दोन तास फेकून द्या. त्या वेळात मॉडेल स्वतःला सावरत असतं. सुरुवातीचे ढग एकदम सगळीकडे उगवतात आणि ते नैसर्गिक नसतं. उरलेल्या चार तासांची सरासरी घ्या.

पहिली तपासणी अशी. या केसमध्ये समुद्राकडून मिळणारं बाष्प आणि उष्णता, दिवसाला दोन अंशांचं विकिरणी थंड होणं, बसणारी हवा, हे सगळं जवळपास एकमेकांना तोलून धरतं. म्हणून सहाव्या तासाचा तापमानाचा आणि बाष्पाचा आलेख सुरुवातीच्या आलेखावर जवळजवळ बसला पाहिजे. खाली ५२० मीटरपर्यंत सपाट, मग १,४८० पर्यंत हळू चढ, तिथून २,००० पर्यंत तीव्र चढ. हा आकार मोडला असेल तर पुढचं काही बघू नका.

मग ढगांचं प्रमाण. इथे दोन वेगळ्या संख्या आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. एखाद्या उंचीवर किती टक्के पेट्यांत ढग आहे, ही एक. ती ढगतळाजवळ सर्वांत जास्त, पाच-सात टक्के. वरून बघितलं तर किती टक्के क्षेत्र झाकलेलं दिसतं, ही दुसरी. ती दहा-पंधरा टक्के. उपग्रह दुसरी बघतो. तुलना करताना कोणती कशाशी लावताय ते आकृतीखाली लिहा.

आता एक ढग निवडा. चौथ्या-पाचव्या तासातली फाइल पायथॉनच्या एक्सअॅरेने उघडा, द्रव पाणी जास्त असलेली जागा शोधा आणि तिथून उभा छेद घ्या. रंगांत द्रव पाणी, वर रेषांनी उभा वारा. मधोमध हवा सेकंदाला तीन-चार मीटरने वर जाताना दिसेल. ढगतळापासून एक किलोमीटर वर, म्हणजे १,५०० मीटरच्या आसपास, द्रव पाणी वाचा. काहीच न मिसळता हवा वर गेली असती तर तिथे किलोमागे साधारण २ ग्रॅम असायला हवं होतं. मॉडेलमध्ये ढगभर सरासरी घेतली तर निम्मं किंवा त्याहून कमी सापडेल. उरलेलं कुठे गेलं? बाजूची कोरडी हवा आत शिरली आणि थेंब विरले. एक ग्रॅम पाणी विरलं की ती किलोभर हवा अडीच अंशांनी गार होते, जड होते आणि खाली घसरते. म्हणून ढगाच्या कडेलगत खाली जाणाऱ्या हवेची बारीक किनार असते. छेदात ती शोधा. सापडेल, पण एक-दोन पेट्यांत संपलेली. ढगच मुळात चार-पाचशे मीटर रुंद, म्हणजे चार-पाच पेट्या, आणि आपण वर म्हटलं की नीट उमटायला सहा-सात लागतात. तेव्हा १०० मीटरच्या रनवरून या किनारीची जाडी सांगायची नाही. तिच्यासाठी २५ मीटर किंवा त्याहून बारीक रन लागते. ढगतळ, एकूण बाष्पवहन, सरासरी आलेख हे मात्र या ग्रिडवरही विश्वासाने सांगता येतं. एकाच रनमधल्या कोणत्या आकड्यावर विसंबायचं आणि कोणत्यावर नाही, हे ठरवणं म्हणजेच हे काम. बाकीचं टायपिंग.

तीच केस यादृच्छिक गोंधळाचं बी (तो ज्या आकड्यापासून तयार होतो तो सीड) बदलून किमान पाचदा चालवा. ६.४ किलोमीटरच्या पेटीत एका वेळी मोजकेच ढग असतात, त्यामुळे ढगांचं प्रमाण वरखाली होतच राहतं. या पाच रनमधला फरक ही तुमची मोजपट्टी. पुढे काही बदल केलात आणि परिणाम या फरकाच्या आतच आला, तर परिणाम सापडला असं म्हणता येत नाही.

एकच गोष्ट बदला, आणि ती खरंच बदलते का ते बघा

हवामानबदलाचा प्रयोग म्हणून मुलांना समुद्र दोन अंशांनी तापवायचा असतो. बोमेक्समध्ये तापवलात तर काहीच होणार नाही. तिथे पृष्ठभागाचे प्रवाह आकड्यांनी बांधून दिलेले आहेत. समुद्राचं तापमान मॉडेल विचारतच नाही. त्यासाठी रिको केस घ्या. ही २००४-०५ च्या हिवाळ्यातल्या कॅरिबियन मोहिमेवरून बांधलेली केस. तिच्यात समुद्राचं तापमान २९९.८ केल्विन दिलेलं असतं आणि प्रवाह त्यावरून काढले जातात. पेटी १२.८ किलोमीटर, कालावधी चोवीस तास, आणि हलका पाऊसही पडतो.

समुद्र तापवला की हवाही तापवा आणि सापेक्ष आर्द्रता तीच ठेवा. दर अंशाला बाष्प सुमारे सात टक्के वाढतं, म्हणजे दोन अंशांना चौदा-पंधरा टक्के. फक्त समुद्र तापवून वरची हवा तशीच ठेवली, तर तुम्ही भविष्यातलं हवामान नव्हे, गरम तव्यावरची हवा बघताय. बसणाऱ्या हवेचा वेग तापलेल्या जगात बदलेल की नाही, हा तर स्वतंत्र प्रश्न. ढग कमी होतील की वाढतील हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं, पण ही माहिती छोट्या पेटीच्या आत नसते. बाहेरून द्यावी लागते. याच कारणाने एलईएसचे लोक जागतिक मॉडेलवाल्यांशी आणि मोजमाप करणाऱ्यांशी बोलत राहतात. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत बार्बाडोसजवळ झालेल्या युरेका मोहिमेचा बराच भर नेमक्या याच ढगांवर होता.

थेंबांच्या संख्येचा प्रयोगही रिकोवर चांगला होतो. केसमध्ये घनसेंटिमीटरला ७० थेंब आहेत, स्वच्छ सागरी हवेतले. प्रदूषित हवेत शेकड्यांत जातात. खैरुत्दिनोव आणि कोगन यांच्या २००० सालच्या सूत्रात थेंब एकमेकांत मिसळून पाऊस बनण्याचा वेग थेंबसंख्येच्या उणे १.७९ घाताने बदलतो. संख्या ७० ची ७०० केली की तो वेग साठपटीहून जास्त कमी होतो. म्हणून 'प्रदूषणाने पाऊस घटला' हे तुमच्या निकालात यायच्या आधीच सूत्रात लिहिलेलं आहे! वेगळ्या सूत्राची दुसरी रन जोडल्याशिवाय या प्रयोगाला अर्थ नाही. रिकोच्या तुलनेत सहभागी मॉडेलांच्या पावसाच्या आकड्यांत पुष्कळ तफावत होती, हेही लक्षात असू द्या.

कॅलिफोर्नियाजवळच्या स्ट्रॅटोक्युम्युलसची डायकॉम्स केस पहिल्या फेरीत टाळा. ढगमाथ्यावर, ८४० मीटर उंचीवर, काही मीटरमध्ये तापमान साडेआठ अंशांनी उडी घेतं आणि बाष्प ९ ग्रॅमवरून दीडवर येतं. उभं ग्रिड ५ मीटर ठेवूनही कित्येक मॉडेलांत तिथे नको तितकी हवा मिसळते आणि ढग विरळ होतो. आकाशात अखंड पांघरूण, स्क्रीनवर भोकं. या ढगांचं सूर्यप्रकाश परतवण्यातलं महत्त्व मोठं आहे, त्यामुळे केस महत्त्वाची आहेच, पण अनुभव गाठीशी आल्यावर.

आपल्या आकाशाकडे

एवढं झाल्यावर मान्सूनचा ढग घ्या. सांताक्रूझ आणि पणजीचे रेडिओसाँड (फुग्याने वर सोडलेल्या उपकरणाच्या नोंदी) वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहात मिळतात. तिथली ००ची नोंद म्हणजे आपली पहाटे साडेपाचची, १२ची म्हणजे संध्याकाळी साडेपाचची. सभोवारची मोठ्या पल्ल्याची हालचाल ईआरए५ या जागतिक हवामान-माहितीसंचामधून घ्या: तासातासाची, साधारण ३१ किलोमीटर ग्रिडची. ढगातल्या थेंबांच्या आणि धूलिकणांच्या नोंदींसाठी आयआयटीएम या पुण्यातल्या हवामानशास्त्र संस्थेच्या काइपीक्स मोहिमेचे पेपर वाचा. २००९ पासून विमानाने ढगांत जाऊन केलेली मोजमापं आहेत, आणि २०१८-१९ मध्ये ती मोहीम सोलापुरात होती. महाबळेश्वरच्या उंचावरच्या प्रयोगशाळेत तर ढग खिडकीतूनच आत येतो.

पंधरा किलोमीटर उंच जाणाऱ्या ढगाला ६.४ किलोमीटरची पेटी पुरत नाही. शंभर-दोनशे किलोमीटर रुंदी आणि वीसेक किलोमीटर उंची धरा. बर्फाचीही भौतिकी लागेल. हे लॅपटॉपचं काम नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतलं परम ब्रह्म किंवा तुमच्या संस्थेला मिळणारं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनचं यंत्र गाइडमार्फत मागा. अर्जात पेट्या किती, पावलं किती, कोअर-तास किती, हा वरचाच गुणाकार विचारतात. बोमेक्सच्या रनला किती वेळ लागला त्यावरून तो मांडता येतो.

आणि मुंबईच करायची असेल, तर डब्ल्यूआरएफमध्ये एकात एक ग्रिडं ठेवून एक किलोमीटरपर्यंत या. सुरुवातीची वेळ सहा-सहा तासांनी मागेपुढे करा, थेंबांची भौतिकी दोन प्रकारची घ्या आणि दहा-बारा रनचा संच करा. सांताक्रूझच्या नेमक्या पेटीत ९४४ आले का, हे बघू नका. २० किलोमीटरच्या परिघात कुठेही ५०० च्या वर गेला का आणि किती रनमध्ये गेला, हे मोजा. पावसाची जागा दहा किलोमीटर सरकली म्हणून रन वाया गेली असं होत नाही. पण ती प्रत्येक रनमध्ये वेगळ्याच दिशेला सरकत असेल तर तेही लिहावं लागतं. तक्त्यात सगळ्या रन येऊ द्या, ज्यांत मुंबई कोरडी राहिली त्याही. नेमलिस्ट, मॉडेलची आवृत्ती आणि सुरुवातीच्या फाइली आउटपुटच्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर तोंडी परीक्षेच्या वेळी सातवी रन कोणत्या भौतिकीची होती हे तुम्हालाच आठवणार नाही.